सकारात्मक राहायचं म्हणजे काय करायचं?

"ही…" एवढंच माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि पुढचा शब्द आलाच नाही.

समोरच्या पडद्यावर कात्रीचं चित्र होतं. मी ऑपरेशन थिएटरमध्ये उजव्या कुशीवर होते, कवटीचा एक तुकडा काढून बाजूला ठेवलेला होता आणि मी टक्क जागी होते. गाठ डाव्या कानशिलाच्या आत, भाषेच्या जागेला अगदी खेटून. तिच्यातलं किती काढायचं आणि कुठे थांबायचं, हे माझ्या बोलण्यावरून ठरणार होतं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. डोक्याची त्वचा नीट बधिर केली की मध्येच माणसाला जागं करता येतं. मग सर्जन मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा अगदी सौम्य स्पर्श करत पुढे सरकतात आणि त्याच वेळी आपण एकेका चित्राचं नाव सांगत राहायचं. हा घोडा आहे. हे झाड आहे. शब्द अडला की त्या जागी आकडा लिहिलेला इवलासा कागद ठेवतात. इथे हात लावायचा नाही, अशी ती खूण. १९३० च्या दशकात माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी फिट येणाऱ्या रुग्णांच्या ऑपरेशनमध्ये ही रीत घडवली. तिच्यामुळे पुढे कितीतरी लोकांचं बोलणं शाबूत राहिलं, माझंही.

मी मुद्रितशोधक आहे. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे शब्द तपासत आले. त्यामुळे त्या क्षणीही माझ्या लक्षात आलं ते हे, की तोंडातून 'ही' आलं. 'हा' नाही, 'हे' नाही. समोरची वस्तू स्त्रीलिंगी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. लिंग हाताशी होतं, नाम नव्हतं. मी दोन बोटं उघडमीट करून दाखवली. वर कोणीतरी शांतपणे म्हणालं, "ठीक आहे, पुढचं चित्र." नंतर कळलं, त्या जागी सात आकड्याचा कागद ठेवला होता.

याला आता चार वर्षं झाली. त्याआधी सहा महिने मला अधूनमधून काहीतरी जळल्याचा वास यायचा. मी घरातले प्लग काढून पाहायचे, बटणांना हात लावून पाहायचे. अर्ध्या मिनिटात वास जायचा, म्हणून कोणाला सांगितलंही नाही. एका दुपारी फिट आली आणि शुद्धीवर आले ती थेट दवाखान्यात. कानशिलाच्या आतला मेंदूचा भाग चाळवला की असे नसलेले वास येतात, हे तेव्हा समजलं. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्शविन यांनाही रबर जळल्यासारखा वास येत असे. ते १९३७ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, मेंदूतल्या गाठीनं गेले. हे सांगते ते घाबरवायला नाही. तुम्हाला तोच तोच वास पुन्हा पुन्हा येत असेल आणि घरात दुसऱ्या कोणालाच येत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. मी सहा महिने सांगितलं नाही.

रिपोर्ट आला. ॲस्ट्रोसायटोमा, म्हणजे मेंदूचाच एक कॅन्सर, ग्रेड तीन. चारातला तीन, आणि चार सगळ्यात वाईट. भेटायला येणाऱ्यांचं एकच सांगणं सुरू झालं. "तू फक्त पॉझिटिव्ह राहा." दारातून आत येताना हेच, जाताना पाठीवर हात ठेवून हेच. सगळी माझीच माणसं होती आणि त्यांना मी हवी होते, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पण रात्री छताकडे बघत मी विचार करायचे, की हे नेमकं कशानं राहायचं असतं? पाय मोडलेल्याला मन खंबीर ठेव म्हणता येतं, कारण मन शाबूत असतं. इथे ज्यानं खंबीर राहायचं तोच अवयव कापलेला, सुजलेला आणि रोज औषधात भिजलेला. माझी आशा जिथे तयार होणार, तिथेच माझी गाठ होती.

हे काही शब्दांचे खेळ नाहीत. एका संध्याकाळी माझा मुलगा, तेव्हा नऊ वर्षांचा, वहीचं कव्हर शोधत होता. त्यानं मला दुसऱ्यांदा विचारलं आणि मी इतक्या जोरात ओरडले, की तो भिंतीला टेकून उभा राहिला. असं मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. मग रात्रभर स्वतःला बोल लावत बसले: हीच का तुझी सकारात्मकता? पुढच्या भेटीत नवऱ्यानं ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली. त्यांनी फिटच्या गोळीचं नाव विचारलं. लेव्हेटिरासिटम. चिडचिड हा तिचा माहीत असलेला परिणाम आहे. गोळी बदलली आणि तीन आठवड्यांत मी पुन्हा माझ्यासारखी झाले. मुलाला जवळ बसवून सांगितलं, "ती गोळी ओरडत होती रे." तो म्हणाला, "मला वाटलं गाठ ओरडली."

पुढे मला खोल उदासीही आली. तेव्हा मात्र मी वेळ घालवला नाही. समुपदेशन घेतलं, आठ महिने औषध घेतलं. मेंदूच्या कॅन्सरमध्ये उदासी हा स्वभावाचा दोष समजून चालतच नाही. ती गाठीमुळे असू शकते, स्टेरॉइडमुळे असू शकते, फिटच्या गोळीमुळे असू शकते आणि अर्थातच परिस्थितीमुळेही. कशामुळे आहे ते डॉक्टरांनी शोधायचं आणि आपण लपवायचं नाही.

रेडिएशनच्या दिवसांत बाकावर एक काका भेटायचे. साठीतले. त्यांची गाठ ग्रेड चार, ग्लायोब्लास्टोमा. त्यांच्याकडे एक छोटी चित्रवही असायची आणि ते पेन्सिलीनं बसलेल्या लोकांचे हात काढायचे. चेहरा नाही, फक्त हात. मांडीवर ठेवलेले, फाइल घट्ट धरलेले, दुसऱ्याच्या हातात गुंतलेले. माझाही काढला, सलाइनची पट्टी लावलेला. त्यांच्यासारखा आतून आनंदी माणूस मी आजवर पाहिलेला नाही. अकरा महिन्यांनी ते गेले. भेटायला गेले तेव्हा काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आमचंच काही कमी पडलं का गं? शेवटी शेवटी ते जरा खचले होते."

त्या प्रश्नानं मला हलवून सोडलं. मन घट्ट ठेवलं की कॅन्सर हरतो, असं आपण सहज बोलून जातो. त्याची उलटी बाजू काकूंच्या वाट्याला आली होती. गेला तो माणूस मनानं कमी पडला, असाच त्याचा अर्थ होतो ना? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तोंड, घसा अशा भागांच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचं भावनिक स्वास्थ्य नोंदवून ते किती जगले ते पाहिलं. दोन्हींचा संबंध सापडला नाही. मला हे वाचून आधी वाईट वाटलं आणि लगेच मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. रडले तर गाठ वाढणार नाही. हसले नाही तर मी मुलाचा विश्वासघात करत नाही. काकूंना मी हे जमेल तसं सांगितलं. काका शेवटपर्यंत चित्रं काढत होते ती काही आजाराला हरवण्यासाठी नव्हती. त्यांना हात आवडायचे.

मग मी करायचं काय? हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर मला एका आकड्यातून मिळालं. माझ्या फाइलमध्ये प्रत्येक भेटीच्या वर 'केपीएस ७०', 'केपीएस ८०' असं लिहिलेलं असायचं. विचारलं तेव्हा कळलं, हे कार्नोफ्स्की मोजमाप. डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी १९४० च्या दशकात ते तयार केलं. शंभर म्हणजे काही तक्रार नाही. सत्तर म्हणजे स्वतःचं स्वतः करता येतं, पण नेहमीचं काम झेपत नाही. पन्नास म्हणजे बरीच मदत लागते. पेशंट काय काय करू शकतो, एवढंच यात पाहतात. पुढचे उपचार झेपतील का, हे ठरवताना डॉक्टर या आकड्याकडे नीट बघतात. त्यात मन कसं आहे हे कुठेच विचारलेलं नाही. मला ते आवडलं. स्कॅनमध्ये काय दिसेल ते माझ्या हातात नव्हतं. आज खुर्चीतून उठायचं की नाही, हे थोडंफार होतं.

खुर्ची हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. गुणकारी औषध आहे, त्याच्यामुळेच मी पहिल्या आठवड्यात बोलू शकले. पण ते मांड्यांचे स्नायू खातं. चेहरा सुजतो, झोप उडते, ते सगळं दिसतं. मांड्या गेल्या हे कळतं ते खुर्चीतून उठताना. एका सकाळी मी बसले आणि मला उठता येईना. हात टेकले, पुढे झुकले, पुन्हा खाली. नवरा धावत आला तर म्हटलं, "थांब, धरू नकोस." कितीतरी वेळ लागला त्या एका उठण्याला. फिजिओनं सांगितलं, खुर्ची भिंतीला लावायची, घरात कोणीतरी असताना, हात छातीवर घेऊन उठायचं आणि सावकाश बसायचं. जमेल तेवढ्या वेळा. पहिल्या दिवशी एकदा. आठवड्यानं तीनदा. डोस कमी होत गेला तसा आकडा वाढला. दहावर पोचायला अडीच महिने लागले. मोजायचं काम मुलानं अंगावर घेतलं होतं. अर्धवट उठले तर तो आकडा पुढे सरकवायचा नाही.

चालणंही असंच. आधी पलंगापासून खिडकीपर्यंत, मग दारापर्यंत, मग बाहेर. फिट येऊन गेलेल्या माणसाला काही गोष्टी सोडाव्या लागतात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवायची नाही, एकटीनं पोहायचं नाही, शिडीवर चढायचं नाही, न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. त्या कडीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. पण चालायला बंदी नव्हती. २०११ मध्ये मेंदूतली गाठ परत आलेल्या २४३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातले पाच दिवस साधारण अर्धा तास झपाझप चालण्याएवढा व्यायाम करणारे, त्याहून कमी करणाऱ्यांपेक्षा जास्त जगलेले दिसले. मी तो वाचून हुरळले नाही. ज्यांची गाठ मुळात शांत आहे त्यांनाच चालता येतं, असंही असू शकतं. चालल्यानं मी किती जगेन, मला माहीत नाही. चाललेल्या दिवशी रात्री झोप लागते हे माहीत आहे. आणि पाय चालायला लागले की तासाभरानं मनही त्यांच्या मागून येतं, असं माझ्या बाबतीत कितीतरी वेळा झालं आहे. उलटं कधीच झालं नाही. आधी उभारी यावी आणि मग उठावं, अशी वाट पाहिली असती तर मी अजून पलंगावर असते.

थकव्याबद्दल मात्र खोटं लिहिणार नाही. हा थकवा दमणुकीसारखा नसतो. झोपून उठल्यावरही तो तिथेच असतो. रेडिएशन चालू असताना मी निभावलं. ते संपल्यानंतर काही आठवड्यांनी झोपेची अशी लाट आली, की मला वाटलं गाठ परत आली. हे अपेक्षित असतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तीन आठवड्यांची भीती वाचली असती. म्हणून इथे लिहून ठेवते. तेव्हापासून मी दिवस वाटून घेते. सकाळचे दोन तास चांगले, ते कामाला. दुपारी पडायचं. संध्याकाळी चालायचं. पाहुणे सकाळी आले तर आता मी नम्रपणे संध्याकाळी या म्हणते.

रेडिएशन तेहतीस दिवस होतं. भोकाभोकांचा प्लास्टिकचा पत्रा कोमट पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात, काही मिनिटांत तो कडक होतो आणि तुमचाच मुखवटा तयार होतो. रोज तो चढवून टेबलाला पक्का करतात, डोकं केसभरही हलू नये म्हणून. पापणी उघडली तर जाळीला लागते. पहिल्या दिवशी मला गुदमरलं. दुसऱ्या दिवसापासून मी मनात बाराखडी सुरू केली. क, का, कि, की. एका श्वासाला एक ओळ. बहुतेक वेळा 'भ'च्या आसपास मशीन थांबायचं. एकदा 'य'पर्यंत गेले तेव्हा काळजी वाटली, नंतर कळलं त्या दिवशी जास्तीचे फोटो काढले होते. बाहेर आल्यावर कपाळावर जाळीचे ठसे असायचे. मुलगा त्यावरून बोट फिरवायचा. त्यानंतर केमोच्या गोळ्या, टेमोझोलोमाइड, अठ्ठावीस दिवसांत पाच दिवस, अशा बारा फेऱ्या. वर्ष त्यातच गेलं. त्याबद्दल मला फार काही सांगावंसं वाटत नाही.

आकड्यांबद्दल सांगावंसं वाटतं. आजार कळल्यावर कोणीही करतं तेच मीही केलं. रात्री दोन वाजता मोबाइलवर 'सरासरी किती जगतात' शोधलं. पुढे स्टीफन जे गूल्ड या जीवशास्त्रज्ञाची हकीकत कळली. १९८२ मध्ये त्यांना पोटातला मेसोथेलियोमा, म्हणजे आतल्या अस्तराचा कॅन्सर, झाला. त्या आजारात निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात असं तेव्हा लिहिलेलं होतं. गूल्ड आकडेमोडीतले जाणते होते. त्यांनी विचारलं, निम्मे आठ महिन्यांच्या आत, तर उरलेले निम्मे किती दूरवर पसरले आहेत? ते वीस वर्षं जगले, आणि २००२ मध्ये गेले ते दुसऱ्याच कॅन्सरनं. मी गूल्ड नाही, हे मला कळतं. पण मधला आकडा ही माझी तारीख नाही, हे त्यांच्यामुळे कळलं. शिवाय तो आकडा काल उपचार घेतलेल्यांचा असतो. माझ्या गाठीत जो जनुकीय बदल आहे, आयडीएच नावाचा, तोच असलेल्या दुसऱ्या ग्रेडच्या गाठींसाठी २०२४ मध्ये अमेरिकेत व्होरासिडेनिब हे औषध मंजूर झालं. ते माझ्या ग्रेडसाठी नाही. तरी ती बातमी मी दोनदा वाचली.

काम मी ऑपरेशननंतर दहाव्या महिन्यात पुन्हा हातात घेतलं. उजव्या बाजूचा वरचा कोपरा आता मला दिसत नाही, दोन्ही डोळ्यांना. त्यामुळे ओळीचा शेवट निसटतो. मी ओळीखाली पट्टी ठेवते, उजव्या समासात लाल पेन्सिलीनं उभी रेघ मारते आणि ती रेघ दिसेपर्यंत वाचते. पूर्वी तासाला बारा पानं व्हायची, आता चार. पहिल्या पुस्तकात माझ्या नजरेतून सुटलेल्या चुका प्रकाशकानं कळवल्या तेव्हा मी दोन दिवस रडले. नंतर त्या चुका कुठल्या पानावर कुठे होत्या ते मांडून पाहिलं. जवळजवळ सगळ्या उजवीकडे वर होत्या. तेव्हापासून प्रत्येक पान एकदा वाचून झालं की उलटं फिरवून तो कोपरा वेगळा बघते.

शब्द अजूनही अडतात. आमच्याकडे एक नियम आहे, मला शब्द पुरवायचा नाही, मनात दहा मोजायचे. दहा झाले तर पहिलं अक्षर सांगायचं. मुलगा आता तेरा वर्षांचा आहे आणि तो पंधरापर्यंत मोजतो, हे त्यानं मला मोठ्या विश्वासानं सांगितलं आहे. अडलेले शब्द मी वहीत लिहिते. चाळणी. उंबरा. परवानगी. गंमत म्हणजे 'कात्री' एकदाही अडली नाही.

स्कॅन दर चार महिन्यांनी असतो. आधीच्या तीन-चार दिवसांत घरात सगळे हळू बोलतात. मी त्या दिवसांत स्वतःवर काहीही लादत नाही. भीती वाटते, वाटू देते. रडू आलं तर नवऱ्याजवळ रडते, तोही रडतो. फक्त संध्याकाळचं चालणं चुकवत नाही, मग ते दहा मिनिटांचं का असेना.

पुढचा स्कॅन येत्या गुरुवारी आहे. टेबलावर एका प्रवासवर्णनाची मुद्रितं आहेत, चौसष्ट पानं उरली आहेत. काल प्रकाशकाचा फोन आला, कधी देता म्हणून. मी पानं मोजली, तास मोजले आणि शुक्रवारी देते म्हणाले.